मदत हवी आहे : काम तेच, पण बायकांना 'हेल्पर'चा पगार

पॅकिंग लाइनवर पुरुष 'ऑपरेटर', बायका 'हेल्पर'. मशीन, शिफ्ट, टार्गेट सगळं एकच, पगार मात्र वेगळा. वेतन संहिता २०१९ (पगाराचा केंद्रीय कायदा) चं कलम ३ समान कामाला स्त्री-पुरुष भेद न करता पगार द्यायला सांगतं, हुद्द्याचं नाव बघत नाही. कौशल्य, श्रम, अनुभव, जबाबदारी बघतं. मॅनेजमेंट युनियनशी झालेल्या पगाराच्या कराराकडे बोट दाखवते. तो बचाव सुप्रीम कोर्टाने १९८७ साली ऑड्री डिकॉस्टा प्रकरणात (समान पगारासाठी लढलेल्या मुंबईच्याच स्टेनोग्राफर) फेटाळलाय, त्यामुळे त्याची चिंता नाही.

खरी अडचण पुराव्याची. मस्टरवर हुद्दा वेगळा असल्याने नुसत्या पगाराच्या स्लिपा पुरत नाहीत. त्यातून फरक दिसतो, कामाचं साम्य दिसत नाही. म्हणून तारीखवार मशीन-वाटपाचे तक्ते, उत्पादन नोंदी आणि 'ऑपरेटर' रजेवर असताना त्याच मशीनवर कोण होतं, हे जुळवणं चालू आहे.

विचारायचंय ते असं :
काम सारखं आहे की नाही, याचा निर्णय आधी कलम ४ खाली (सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडून) घ्यावा, की थेट कलम ४५ चा (पगारातला फरक वसूल करण्याचा) दावा लावावा? दाव्याची मुदत तीन वर्षं आहे, पहिल्या वाटेत ती वाया जायची भीती.
मशीन-वाटपाचे तक्ते कंपनीकडून मागवण्याच्या अर्जाचा नमुना कुणाकडे आहे का?

'युनियनशी बोला' एवढाच सल्ला नको. करारावर सही त्यांचीच आहे.