वाशिष्ठीचं खोरं आणि दाभोळची खाडी एकाच कारभाराखाली आणायला हवी, तुमचं मत काय?

सह्याद्री_ते_खाडी:
सरळ मुद्द्यावर येतो. वाशिष्ठी सह्याद्रीत उगम पावते, चिपळूणवरून वाहते, पुढे जगबुडी तिला मिळते आणि दाभोळ-अंजनवेलला समुद्र. जवळपास सगळी नदी एकाच रत्नागिरी जिल्ह्यात. पण या एका पाण्यावर किती खाती बसलीत बघा. पोफळीला वीज करून कोयना धरणाचं पाणी खाली येतं ते महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीच्या हिशेबात, नदी आणि पूररेषा जलसंपदाकडे, लोट्याच्या कारखान्यांचं सांडपाणी एमआयडीसी आणि प्रदूषण मंडळाकडे, कांदळवन वनखात्याच्या कक्षाकडे, बंदर मेरीटाइम बोर्डाकडे, मासे मत्स्य खात्याकडे, वाळू महसूलकडे, आणि खाडीकाठच्या बांधकामाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारं सीआरझेडचं, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचं प्राधिकरण मुंबईत. यातलं कुणीही अख्ख्या नदीकडे बघत नाही, कारण अख्खी नदी कुणाच्याच टेबलावर नाही.

२२ जुलै २०२१ आठवा. महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिमी पाऊस, तेच ढग आमच्या घाटावर, खाडीत भरती, पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ, आणि चिपळूणचा बाजार पाण्याखाली. त्यानंतर महिनोन् महिने वाद कशावर, तर कोळकेवाडी धरणातून पाणी सोडलं की नाही यावर. अरे पण डोंगरावरची तोड, पात्रातला गाळ, धरणाचं पाणी आणि समुद्राची भरती या चारही गोष्टी एकाच वेळी बघणारं कुणी होतं का? त्याच वर्षी डिसेंबरात लोक उपोषणाला बसले तेव्हा कुठे गाळ काढायला मशिनं आली.

माझं म्हणणं एवढंच की घाटमाथ्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत एकच खोरे-खाडी प्राधिकरण करा, कायद्याने करा, आणि त्याला 'थांबा' म्हणायचा अधिकार द्या. युरोपात २००० सालच्या पाणी कायद्यात नदीचं खोरं धरतानाच किनाऱ्यापासून एक सागरी मैलापर्यंतचं पाणी त्यात धरलंय. आपण एका जिल्ह्यातल्या नदीसाठी हे का करू शकत नाही?

निवृत्त_अभियंता:
तुमची तळमळ समजते पण पूर्ण विरोध. माझी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली म्हणून सांगतो. १९५६ साली केंद्राने नदी मंडळ कायदा केला, आंतरराज्य नद्यांसाठी, आजपर्यंत त्याखाली एकही मंडळ झालं नाही. महाराष्ट्राने २००५ ला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला, त्यात खोरेनिहाय संस्थांची तरतूद आहे आणि त्या संस्था म्हणजे कोण तर आपलीच पाटबंधारे महामंडळं, नावाची पाटी तेवढी वेगळी. नवीन प्राधिकरण आलं की एक अध्यक्ष, एक सचिव, प्रतिनियुक्तीवरचे चार लोक, आणि सगळ्या जुन्या खात्यांना एक सोय मिळते की हे आमचं नाही, ते प्राधिकरणाचं. जबाबदारी वाढत नाही हो, पातळ होते.

दुसरं, वाशिष्ठीत उन्हाळ्यातही जे पाणी वाहतं ते वाशिष्ठीच्या खोऱ्याचं नाहीच मुळी. ते सातारा जिल्ह्यातलं, कृष्णेच्या खोऱ्यातलं, कृष्णा पाणीवाटप लवादाने ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायला मुभा दिली म्हणून येतं. किती वाजता येतं हे विजेच्या मागणीवर ठरतं. तुमच्या खोऱ्याच्या बोर्डाला त्यावर काडीचा अधिकार असणार नाही, मग तो बोर्ड नेमकं करणार काय?

भोईवाडी_दाभोळखाडी:
साहेब पाणी कुणाच्या खोऱ्याचं हा तुमचा हिशेब, ते येतं आमच्या जाळ्यात. खाडीत गोडं पाणी कधी किती उतरतं त्यावर बोय-रेणवीसारखे मासे, कालवं-मुळ्यांसारखी शिंपली, सगळं अवलंबून आहे आणि ते वेळापत्रक ठरवताना आम्हाला कुणी विचारलेलं नाही. वरून कारखान्याचं पाणी आलं आणि मासे मेले की आम्ही फोन करतो, ज्या ऑफिसला करतो ते म्हणतं दुसरीकडे करा, दुसरीकडे केला की म्हणतात लेखी द्या, नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत दोन ओहोट्या होऊन खाडी धुऊन गेलेली असते, मग अहवालात सगळं मर्यादेत.

त्यामुळे एकच दार असावं याला माझा पाठिंबा, पण एका अटीवर. त्या बोर्डावर आमची माणसं मतासकट हवीत, 'निमंत्रित सदस्य' म्हणून चहा प्यायला बोलवलेली नकोत.

बाजारपेठ_चिपळूण:
मी व्यापारी आहे, पुरात दुकान गेलेलं आहे, तरीही मी सह्याद्री यांच्या विरुद्ध. आज पूररेषांच्या, निळी रेषा लाल रेषा यांच्या बंधनांमुळे स्वतःच्या जागेत दुरुस्ती करायची तरी दहा ठिकाणी फिरावं लागतं, त्यात अकरावी एनओसी तुमच्या प्राधिकरणाची. आम्हाला तीन गोष्टी हव्यात, दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ, पाणी वाढायच्या आधी खरी सूचना, आणि विमा. त्यासाठी नवीन कायदा कशाला लागतो?

सह्याद्री_ते_खाडी:
@बाजारपेठ, दरवर्षी गाळ काढायचा म्हणजे दरवर्षी खर्च, आणि तो गाळ येतो कुठून ते न बघता. आपल्या जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं, डोंगर बहुतेक खाजगी मालकीचे, ठरावीक वर्षांनी अख्खा उतार साफ होतो आणि पहिल्या पावसात माती नदीत. तोडीची परवानगी एका खात्याची, गाळाचं बिल दुसऱ्या खात्याचं, त्यामुळे तोड स्वस्त वाटते. आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे? सखल जागेत भराव केला तर पुढच्या पुराचं पाणी तुमच्याच दुकानात, खाडीकाठी टाकला तर कांदळवन मेलं. हा निर्णय खोऱ्याचा आहे, एका खात्याचा नाही. तुमच्या दहा एनओसींची एक व्हावी हेच तर मी म्हणतोय, अकरावी नव्हे.

@निवृत्त_अभियंता, कायदा कागदावर राहिला म्हणून कल्पना चूक ठरत नाही. ओडिशात चिलिका विकास प्राधिकरण १९९१ चं आहे. सरोवर गाळाने भरत होतं, खारेपण कमी झालं, मासळी घसरली. त्यांनी वरच्या पाणलोटात माती अडवायची कामं केली आणि सप्टेंबर २००० मध्ये समुद्राकडे नवीन मुख उघडलं, म्हणजे डोंगर आणि समुद्र दोन्ही टोकं एकाच संस्थेने हाताळली. मासळी परत आली, २००२ ला चिलिका रामसर या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या धोक्यातल्या जागांच्या यादीतून बाहेर आली. हे आपल्याच देशात झालं.

बाल्टिमोरकर:
मूळचा गुहागरचा, आता अमेरिकेत मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराजवळ. इथला अनुभव दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. १९८३ ला इथल्या राज्यांनी आणि इथल्या केंद्राच्या पर्यावरण संस्थेने उपसागर सुधारायचा एकत्र करार केला. खरी अडचण अशी की पेनसिल्व्हेनियाला उपसागराचा किनाराच नाही, पण उपसागरात येणाऱ्या गोड्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं सस्क्वेहॅना नदीतून, म्हणजे मुख्यतः त्यांच्या हद्दीतून येतं. तिथल्या शेतकऱ्याने खत कमी वापरायचं आणि फायदा खेकडे धरणाऱ्या मेरीलँडवाल्याचा. पंचवीसेक वर्षं नुसत्या सहमतीवर चाललं, लक्ष्यं हुकत राहिली, शेवटी २०१० ला केंद्राने नायट्रोजन, फॉस्फरस आणि गाळ यांची कमाल मर्यादा ठरवून प्रत्येक राज्याला वाटून दिली. २०२५ ची मुदतही पूर्ण गाठली गेली नाही. पण कुठल्या राज्याने किती कमी केलं हे आज आकड्यात दिसतं, लपवता येत नाही. मला वाटतं बोर्ड असो नसो, आधी वाशिष्ठीत कुठून किती गाळ आणि घाण येते याची मोजणी सुरू करा आणि ती सगळ्यांना रोज दिसू द्या.

निवृत्त_अभियंता:
बाल्टिमोरकरांशी सहमत, मोजणी पाहिजेच. चिलिकाबद्दल एवढंच म्हणेन की तिथे नवीन मुख हे एक मोठं, दिसणारं काम होतं. आपल्याकडे वीज आहे, कारखाने आहेत, भर पात्राला लागून शहर आहे, सगळे एकमेकांच्या विरुद्ध ओढणारे. आणि अधिकार नाहीत असं कोण म्हणतं? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी सगळ्या खात्यांना आदेश देऊ शकतात. पावसाचा अंदाज, धरणाची पातळी, वीजनिर्मितीचं पाणी आणि भरतीची वेळ एका तक्त्यावर आणून सोडण्याचा नियम ठरवा, उद्यापासून होईल, विधानसभेची वाट बघायला नको.

डोंगरवाडी:
सगळे खाडीचं आणि बाजाराचं बोलताय. आमची जमीन वर, उतारावर. लाकूड तोडलं नाही तर मुलीच्या शिक्षणाचे पैसे कुठून आणू ते सांगा. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचे मसुदे २०१४ पासून येतायत, सहावा जुलै २०२४ ला आला, प्रत्येक वेळी गावांची यादी आणि बंदी, मोबदल्याचं एक वाक्य नाही. आणि तिवरे विसरू नका, २ जुलै २०१९ च्या रात्री धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली, गळतीच्या तक्रारी आधीच केलेल्या होत्या. वरच्या लोकांचं म्हणणं ऐकलं जात नाही हे दुखणं तुमच्या बोर्डातही राहणार असेल तर नको तो बोर्ड. खालच्यांना पुरापासून वाचवायला आम्ही झाडं ठेवायची, ठीक आहे, ठेवतो, पण दरवर्षी एकरी पैसे द्या, आणि ते वीज विकणाऱ्यांकडून आणि कारखान्यांकडून घ्या.

सह्याद्री_ते_खाडी:
@डोंगरवाडी, हे शंभर टक्के मान्य, आणि नेमकं म्हणूनच मला प्राधिकरण हवंय. वीजवाल्याकडून पैसे घेऊन उतारावरच्या मालकाला देणं हे जिल्हाधिकाऱ्यांना आपत्तीच्या कायद्याखाली करता येईल का? नाही. तो कायदा पूर आला की जागा होतो. तोड, गाळ, सांडपाणी ही बाराही महिने चालणारी गोष्ट आहे, तिला बजेट असलेली कायमची संस्था लागते.

बाजारपेठ_चिपळूण:
पैसे वरच्या लोकांना मिळावेत याला व्यापाऱ्यांची हरकत नसावी, निदान माझी नाही. गाळ काढण्यापेक्षा ते स्वस्त पडेल. पण एकच एनओसी होणार हे कायद्यात लिहून द्या, तोपर्यंत माझं मत विरोधातच धरा.

भोईवाडी_दाभोळखाडी:
अभियंता साहेब, तुमचा तक्ता करा, चांगलं आहे. पण त्यात फक्त चिपळूणच्या पुलाची पातळी घालू नका, खाडीतल्या गावांनाही पाणी सोडायच्या आधी मेसेज आला पाहिजे, आणि सांडपाण्याच्या पाइपच्या तोंडाशी मोजणारं यंत्र बसवून त्याचा आकडा आमच्या मोबाइलवर दिसला पाहिजे. तुम्ही म्हणता उद्यापासून होईल. मग अर्जाचा मसुदा इथेच टाका, आमच्या वाड्यांतल्या सह्या मी गोळा करतो.