आईला घेऊन मुंबई: लोकल की टॅक्सी?

लातूरकर: शनिवारी सकाळी लातूरहून सीएसएमटीला उतरतोय. मी, आई (६८, गुडघेदुखी) आणि दोन मुलं. दोन मोठ्या बॅगा, मुक्काम दादर पश्चिमेला. रविवारी सिद्धिविनायक आणि गेटवे, सोमवारी घारापुरी. लोकल झेपेल का?

परळचा: सकाळची गर्दी सीएसएमटीकडे येणारी, तुम्ही उलटे जाणार. स्लो गाडी (प्रत्येक स्टेशनला थांबणारी) तिथूनच सुटते, बसायला मिळेल. लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्यांचा डबा फर्स्ट क्लासचा. साध्या तिकिटावर चढलात तर भाडं वर किमान २५० रुपये दंड. परळ सुटलं की सगळे दाराशी या, दादरला गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. मोबाईल मात्र दारात हातात नको. आणि कोणी फलाटावर राहिलंच, तर चालत्या गाडीतून उडी मारायची नाही. गाडीतल्यांनी पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, मागे राहिलेल्याने पुढची स्लो पकडायची. हे मुलांना आधीच सांगून ठेवा. (फास्ट पकडली की हा हिशेब कोलमडतो.)

मीटरडाऊन: वरचं सगळं बरोबर, पण बॅगा आणि गुडघे बघता पहिल्या दिवशी टॅक्सीच. दादरला सेंट्रलच्या फलाटांवरून पश्चिमेला जायचं म्हणजे पूल चढणं आलंच. चौघे एका काळी-पिवळीत बसता. पहिल्या दीड किलोमीटरला ३१ रुपये, दादरपर्यंत मीटरने दोनशेच्या आसपास. 'फिक्स रेट' म्हणाला तर दुसरी बघा. रिक्षा शोधू नका, तिकडे चालतच नाहीत.

घारापुरीप्रेमी: सोमवारी लेणी बंद असतात! रविवारी सकाळी आधी घारापुरी करा, सिद्धिविनायक सोमवारी. मंगळवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. लाँचचं तिकीट गेटवेच्या खिडकीवरच घ्या आणि परतीसाठी जपून ठेवा. लाइफ जॅकेट घाला, मुलांच्या मापाचं मागून घ्या. धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढे शंभरावर पायऱ्या. आईंचं तिथे ठरवा. खाऊची पिशवी हातात दिसली की माकडं ओढतात.

लातूरकर: सोमवारचं माहीतच नव्हतं! दादरहून गेटवेला लोकलच का मग?

परळचा: नको, मेट्रो ३. सिद्धिविनायक स्टेशनला बसा, हुतात्मा चौकाला उतरा, तिथून टॅक्सी. लिफ्ट आहे, आईंना सोपं. खाली मोबाईलला रेंज दगा देते, तेव्हा तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.