अर्थिंग मल्टीमीटरवर ठीक, तरी एसडब्ल्यूआर ३ च्या वर

तुमच्या पिकअपवरच्या सीबी रेडिओचा (गाडीतून बोलायचा रेडिओ) एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली किती शक्ती परत फिरते याचं माप (१ च्या जवळ तितकं चांगलं), चढलाय म्हणून वर कुणीतरी अँटेनाची लांबी कमी करायला सांगितलंय. कापाकापी आत्ताच नको. टूलबॉक्सवर बसवलेल्या तुमच्या अँटेनाचा एसडब्ल्यूआर १, १९ आणि ४० या तिन्ही चॅनेलवर ३ च्या वर येतोय. लांबीच चुकली असती तर सहसा एका टोकाला आकडा चढलेला आणि दुसऱ्या टोकाला उतरलेला दिसला असता. सगळीकडे सारखीच बोंब असेल तर संशय अर्थिंगवर किंवा केबलवर.

आधी सोपं बघा. केबल रेडिओपासून सोडवा, अँटेना काढा, मग केबलची मधली पिन आणि बाहेरची जाळी यांत मल्टीमीटरचा बीप येतो का ते तपासा. आला तर शॉर्ट आहे, बहुधा स्टडखालचा (अँटेना ज्यावर बसते त्या बोल्टखालचा) नायलॉन वॉशर राहिलाय किंवा उलटा बसलाय. (अँटेना काढायची कारण काहींची कॉइल मुळातच अर्थला जोडलेली असते.)

खरी गोम इथे आहे: माउंट (अँटेनाची बैठक) ते बॅटरी निगेटिव्ह एक ओहमच्या आत आलं म्हणून तुम्ही निर्धास्त झालात, पण तो डीसीचा (बॅटरीच्या एकाच दिशेच्या प्रवाहाचा) हिशोब. सीबीच्या २७ मेगाहर्ट्झला लांब, बारीक वायर कॉइलसारखी अडवते. तुमचा पिकअपच पाव-लहरी (लहरीच्या लांबीच्या चौथ्या भागावर चालणाऱ्या) अँटेनाचा दुसरा अर्धा भाग असतो, आणि टूलबॉक्स तर पावडर कोटिंग अन् रबरी गॅस्केटवर अधांतरी बसलाय. टूलबॉक्स ते बेड (मागचा हौदा) आणि बेड ते चासी अशा विणलेल्या तांब्याच्या रुंद, आखूड पट्ट्या टाका. बोल्टखालचा रंग पत्रा चकाकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस.

तोवर माइकचं बटण जास्त वेळ दाबून धरू नका, रेडिओचा फायनल ट्रान्झिस्टर (सिग्नलला शेवटची ताकद देणारा) जायचा.