मदत हवी आहे: आईची अँजिओग्राफी नॉर्मल, तरी छातीत दुखतं. इस्ट्रोजेनचा संबंध असेल का?

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, अर्धवट माहितीवर कुणी काय सांगणार!

आई ५४ वर्षांची. जिना चढताना, कधी तर नुसती कणीक मळतानाही छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळावी तसं होतं आणि कळ जबड्यापर्यंत जाते. स्ट्रेस टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून गेल्या महिन्यात अँजिओग्राफी केली. तिन्ही धमन्या मोकळ्या. 'ब्लॉक नाही, टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवलं. परत येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "त्यांना वाटत असेल, बाई उगाच सांगतेय." ते माझ्या डोक्यातून जात नाही.

महत्त्वाची गोष्ट अशी, की ४०व्या वर्षी अंगावरून जास्त जायचं म्हणून तिची पिशवी काढली, सोबत दोन्ही अंडाशयंही, म्हणजे इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन मुख्यतः जिथे बनतं तीच. त्यानंतर हॉर्मोनची एकही गोळी कुणी दिली नाही.

मला समजलं ते असं. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींत इस्ट्रोजेनचे रिसेप्टर (हॉर्मोनचा निरोप घेणाऱ्या जागा) असतात. इस्ट्रोजेन तिथे जाऊन बसलं की पेशी नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करते आणि भोवतीचा स्नायू सैल पडतो. अँजिओटेन्सिन या शरीरातल्याच दुसऱ्या हॉर्मोनचं काम उलटं, ते स्नायूवरच्या आपल्या रिसेप्टरला चिकटून वाहिनी आवळतं. आईची टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी हाच रिसेप्टर अडवते.

वाचताना एका पुरुष रुग्णाची नोंद सापडली. जनुकातल्या दोषामुळे त्याचा इस्ट्रोजेनचा अल्फा रिसेप्टर निकामी होता. हे १९९४ मध्ये, त्याच्या २८व्या वर्षी प्रसिद्ध झालं. १९९७ मध्ये त्याच्या हृदयाच्या धमनीत कॅल्शियम साठलेलं दिसलं, तेही इतक्या लहान वयात. रक्ताचा ओघ वाढवला तरी हाताची धमनी रुंदावत नव्हती. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिल्यावर मात्र रुंदावली, म्हणजे स्नायू ठीक होता, अस्तराकडून निरोपच येत नव्हता. आईलाही सॉर्बिट्रेट (नायट्रोग्लिसरीनच्याच जातीची गोळी) जिभेखाली ठेवल्यावर बरं वाटतं, पण पूर्ण नाही. हृदयाच्या अगदी बारीक वाहिन्यांचं दुखणं असेल तर असं होतं का?

मग आता इस्ट्रोजेन सुरू करावं का? इथेच मी अडकले आहे. आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ स्त्रियांवरच्या १९९८च्या चाचणीत फायदा तर झाला नाहीच, पहिल्या वर्षी झटके उलट वाढले. २००२ मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. पण या दोन्हींत इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टिन हे दुसरं हॉर्मोन होतं आणि त्या स्त्रियांची पिशवी शाबूत होती. पिशवी काढलेल्यांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं, ती चाचणी २००४ मध्ये थांबली. त्यात हृदयविकार वाढला नाही, पक्षाघात वाढला. आईच्या ऑपरेशनला १४ वर्षं झाली. इतक्या उशिरा देण्यात धोकाच जास्त, हे मला पटतंय. तरी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ दोघांचं मत एकत्र घ्यावं का?

दुसरं, अँजिओग्राफी करतानाच धमनीत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडून बघतात म्हणे. अस्तर निरोगी असेल तर वाहिनी रुंदावते, बिघडलेलं असेल तर आवळते. पुण्यात किंवा मुंबईत कुणाच्या घरी ही तपासणी झाली आहे का? त्यासाठी पुन्हा हातातून नळी घालावी लागेल, आणि आई आता त्याला घाबरते. तपासणीने औषधं खरोखर बदलली का, हे ऐकायचं आहे.

पुढच्या गुरुवारी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. रिपोर्टमधले आकडे हवे असतील तर आज रात्री टाइप करून टाकते.