नंदुरबारला शासकीय विधी महाविद्यालय: मागणी नेमकी कशाची करावी?

शहादेकर (प्रश्न)

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून वेगळा झाला आणि 2020 मध्ये येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. कायद्याचे शिक्षण मात्र शासनाच्या संस्थेत घ्यायचे म्हटले, तर आमच्या मुलांना अजूनही 1855 सालच्या मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयासारख्या दूरच्या ठिकाणाकडेच पाहावे लागते. प्रतिभाताई पाटील जळगावच्या एम. जे. महाविद्यालयातून कायदा शिकायला तेथेच गेल्या आणि परत येऊन जळगावात वकिलीला लागल्या. त्याला साठ वर्षे उलटून गेली.

मी निवृत्त शिक्षक आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या धडगावकडील माझ्या एका विद्यार्थिनीने विधी सीईटीत (राज्याच्या प्रवेश परीक्षेत) चांगले गुण मिळवूनही प्रवेश सोडला, कारण शिष्यवृत्तीने शुल्क भागले असते, पण शहरातले खोलीभाडे आणि खाणावळ भागत नव्हती. आता आम्ही काही जण पालकमंत्र्यांना निवेदन देणार आहोत. मसुद्यात निम्म्यांना राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवे आहे, निम्म्यांना साधे शासकीय महाविद्यालय. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

विधी शिक्षक, जळगाव

राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा आग्रह सोडावा, असे मी स्पष्टच सांगतो. 2014 च्या अधिनियमानुसार मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशी तीन विद्यापीठे राज्यात झाली. त्यांचे प्रवेश ‘क्लॅट’मधून होतात, ती परीक्षा इंग्रजीत असते आणि वर्षाचा खर्च लाखांत जातो. असे विद्यापीठ उद्या नंदुरबारात उभे राहिले, तरी आपल्या विद्यार्थिनीला त्याचा उपयोग किती? राज्याची विधी सीईटी निदान मराठीतूनही देता येते.

महाविद्यालयाचा मार्ग असा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार नव्या महाविद्यालयाचे ठिकाण आधी विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात, म्हणजे नवी महाविद्यालये कुठे हवीत याच्या नियोजनात, यावे लागते. त्यानंतर प्रस्ताव, इरादापत्र (शासनाची प्राथमिक संमती), अंतिम परवानगी आणि संलग्नता, आणि या सर्वांखेरीज वकिली व विधी शिक्षणाचे नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाची स्वतंत्र मान्यता. बार कौन्सिलने ऑगस्ट 2025 मध्ये नव्या विधी महाविद्यालयांवर तीन वर्षांची स्थगिती घातली आहे, हे ऐकून पुष्कळ जण आताच हात टेकतात. परंतु त्याच नियमांत दुर्गम, आदिवासी आणि आकांक्षित (विकासात मागे राहिलेल्या म्हणून केंद्राने निवडलेल्या) जिल्ह्यांसाठी अपवाद ठेवलेला आहे, आणि केंद्राच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नंदुरबारचे नाव आहे. निवेदनाचा पहिला परिच्छेद हाच असावा. पालकमंत्र्यांच्या गौरवाचा परिच्छेद खाली सरकला तरी चालेल.

एक गोष्ट अनुभवाने सांगतो. इमारत मिळते, शिक्षक मिळत नाहीत. साठ विद्यार्थ्यांची तुकडी तासिका तत्त्वावरच्या माणसांवर चालवली, की अभिरूप न्यायालय, म्हणजे खटला चालवण्याचा सराव, हा विषय वहीतच उरतो. म्हणून मंजूर पूर्णवेळ पदांचा उल्लेख मागणीत आकड्यासह करावा.

तापीकाठचा

माझे मत वेगळे आहे. पूर्णवेळ पदे मंजूर झाली तरी प्राध्यापक नंदुरबारला राहणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सुरत–भुसावळ मार्गावरची गाडी पकडून निघून जातील. त्यापेक्षा जळगावच्या विद्यापीठाने आपल्याच परिसरात विधी विभाग काढावा, म्हणजे तिन्ही जिल्ह्यांना लाभ होईल.

वकील, धुळे

तापीकाठच्यांची शंका रास्त आहे, पण जळगावला विभाग निघाल्याने धडगावच्या मुलीचे खोलीभाडे सुटत नाही. शिवाय अशी संस्था कुठे असावी, हे तिने कोणते काम करायचे यावरून ठरावे.

माझ्याकडे नंदुरबार जिल्ह्यातल्याच अक्कलकुव्याकडील एक वृद्ध गृहस्थ वनहक्काच्या दाव्यासाठी, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरील हक्कासाठी, आले होते. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वनखात्याच्या दंडाच्या जुन्या पावत्या काढून टेबलावर एकेक करून मांडल्या. ज्या पावत्यांनी त्यांना अतिक्रमणदार ठरवले होते, त्याच आता कायद्याने ठरवलेल्या 13 डिसेंबर 2005 या तारखेपूर्वीपासून ते ती जमीन कसत असल्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडणार होत्या. दावा फेटाळल्याची केवळ एक ओळ त्यांच्या हाती पडली होती. नियमाप्रमाणे कारणे लेखी द्यावी लागतात, ती दिलेली नव्हती. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते आणि ते माझ्याकडे आठव्या महिन्यात आले. माझा ज्युनिअर अहिराणीत विचारत होता, बाबा पावरी या आदिवासी बोलीत उत्तर देत होते आणि अर्ज मराठीत लिहिला जात होता. पुढे हे प्रकरण उच्च न्यायालयात न्यायचे, तर कन्नडचा घाट चढून औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाणे आले.

गावातील वडीलधाऱ्यांचे जबाब लिहून घेणे, शेताचे जुने बांध दाखवून पंचनामा करून घेणे, मुदतीची नोंद ठेवणे, ही कामे शिकाऊ विद्यार्थी उत्तम करू शकतात. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. ती धुळ्याच्या वकिलांकडे तारखा घेण्यात घालवण्यापेक्षा धडगाव–अक्कलकुव्यात विधी साहाय्य केंद्र चालवून पूर्ण व्हावी. पावरी आणि भिली जाणणारे विद्यार्थी जळगावच्या वर्गात हातावर मोजण्याइतके असतील. नंदुरबारच्या वर्गात तेच सर्वांत कामाचे ठरतील.

शहादेकर

सर्वांचा आभारी आहे. मसुद्यातून ‘राष्ट्रीय’ हा शब्द काढला असून आकांक्षित जिल्ह्याचा अपवाद अगदी वर घेतला आहे. पूर्णवेळ पदे, मुलामुलींची वसतिगृहे आणि शिक्षकांसाठी निवासस्थाने या तीन मागण्या इमारतीच्या आधी लिहिल्या आहेत. निवासस्थानांची मागणी तापीकाठच्यांच्या शंकेमुळे सुचली. विद्यापीठाच्या पुढील बृहत आराखड्यासाठी वेगळे पत्र कुलगुरूंना जाईल. विधी साहाय्य केंद्र आठवडे बाजाराच्या दिवशी उघडे असावे, असेही वाक्य घातले आहे. धडगाव आणि अक्कलकुवा या दोन्ही ठिकाणचे बाजाराचे वार तेवढे तिकडच्या कोणी खात्रीने कळवावेत, म्हणजे रविवारी सह्या घेता येतील.