पाणी कमी पडून नाही वाळली ती झाडं

वर कुणीतरी लिहिलंय की इटलीतल्या पुलियामधली ऑलिव्हची झाडं पाण्याअभावी वाळली, पण तसं नाहीये हो. झायलेला नावाचा बॅक्टेरिया आहे तो, २०१३ साली पुलियातल्याच गल्लीपोली गावाच्या बाजूला सापडला (तुर्कस्तानातलं नव्हे), झाडातल्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच चोक करतो, म्हणजे मुळाशी कितीही पाणी घाला, शेंडे करपतातच. पसरवतो एक बारीकसा किडा, त्याची पिल्लं वसंतात गवतावर थुंकीसारख्या फेसात बसलेली असतात, म्हणून तेव्हाच तण नांगरून टाकायला लावतात. आम्ही तिथल्या लेच्चे शहरातून गाडीने गेलो तेव्हा दोन्ही बाजूंना नुसते राखाडी खराटे, बुंधे मात्र एकेक दोघांच्या कवेत न मावणारे. आता ऑलिव्हची लेच्चिनो जात लावतायत, ती बऱ्यापैकी तग धरते, काही जण तर जुन्या बुंध्यावरच तिचं कलम बांधून बघतायत.