मदत हवी आहे: जात्यावरच्या ओव्यांचा पॉडकास्ट आणि आज्यांचे हक्क

नमस्कार मंडळी. वाई तालुक्यातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतेय, ९ भाग तयार आहेत. ओव्या परंपरेच्या, पण गाणाऱ्या आजीला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकार म्हणून स्वतःचा हक्क आहे, तोही ५० वर्षं. म्हणून आधी लेखी संमती घ्यायचीच आहे. बऱ्याचजणी अंगठा लावतात. त्यांना वाचून दाखवता येईल असा साध्या मराठीतला संमतीपत्राचा नमुना कुणाकडे आहे का? पुढे जाहिरातीचे पैसे आले तर आज्यांचा वाटा संमतीपत्रात कसा लिहावा? पॉडकास्टच्या नावासाठी ट्रेडमार्कच्या वर्ग ४१ मध्ये (शिक्षण-मनोरंजनाच्या सेवांचा वर्ग) अर्ज करायचाय. हा अर्ज पहिला भाग टाकण्याआधीच करावा का? दोघीजणी ऐंशीच्या पुढच्या आहेत, त्यांना त्यांचा आवाज लवकर ऐकवायचाय.